साखर ‘बॉर्डर’वर आली? आधी भाकरी काट्यावर ठेवा

रिपोर्टवर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, ६.१ आलं आणि मी पहिलंच काम चुकीचं केलं. घरातल्या पोळ्या बंद केल्या आणि ज्वारीची भाकरी धरली. भाकरीनं साखर वाढत नाही, असं आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात कोणालाही विचारा, छातीठोकपणे सांगतो. मग काय, तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या, वर वाटीभर पिठलं, बिनधास्त. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ६.४. डॉक्टरांनी विचारलं, ‘गोड खाता का?’ मी म्हटलं, ‘साखरेच्या डब्याला हात लावलेला नाही.’ ते खरंच होतं. गडबड साखरेच्या डब्यात नव्हतीच, पिठाच्या डब्यात होती. ती सापडायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही, अवजारांचं दुकान चालवतो. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो: तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाकरी-भात स्वतःच्या मनानं कमी करू नका. गोळी तीच आणि जेवण अर्धं झालं की साखर धाडकन खाली येते. हातपाय थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली आणि मोजल्यावर ७० च्या खाली आली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गर्भवती बायका आणि किडनीचा त्रास असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

आधी हे गोळा करा

- मागचे सगळे रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. हिमोग्लोबिनचाही हवा, कारण पुढे येईल.
- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा.
- ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून घरीच साखर मोजायचं मशीन. घेताना मशीनची नाही, स्ट्रिपची किंमत विचारा. खरा खर्च तिथे आहे. स्ट्रिपच्या डबीवरची मुदतही बघा.
- शंभर पानी वही. मोबाईलमध्ये लिहीन म्हणाल तर चार दिवसांत विसराल.
- हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते. आपली ज्वारी, बाजरी, उडीद सगळं त्यात आहे. परदेशी ॲपमध्ये ‘भाकरी’ शोधत बसू नका.

१. रिपोर्ट नीट वाचा

उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे बॉर्डर, १२६ पासून पुढे मधुमेह. एचबीए१सी ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ पासून मधुमेह. हा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून तो फसत नाही. एकाच रिपोर्टवर घाबरूनही जाऊ नका. डॉक्टर बहुतेक वेळा तपासणी पुन्हा करायला सांगतात.

आपल्या भागासाठी इथे एक मोठी मेख आहे. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. एचबीए१सी मोजतात ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. ज्याचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे किंवा ज्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्याचा आकडा खोटा येऊ शकतो, बहुधा कमी. उलट लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर तो थोडा जास्तही दिसतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसलेल्या फ्रुक्टोसामीन तपासणीबद्दल विचारा.

२. ‘कार्ब्स’ म्हणजे एकच वस्तू नव्हे

साखर, ज्वारीचं पीठ, केळं, दूध आणि वांग्याची साल, सगळ्यांत कर्बोदकं आहेत. तरी पोटात गेल्यावर प्रत्येकाची गत वेगळी होते.

साधी साखर म्हणजे दोन दाण्यांची जोडी: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. दुधातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. पिठातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच हजारो दाण्यांची माळ. ती दोन प्रकारची असते. अमायलोज सरळसोट, ॲमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांची. फांद्यांची माळ सरळ माळेसारखी घट्ट बसत नाही, पाचकरसांना शिरायला जागा जास्त मिळते, म्हणून ती लवकर सुटते. तोडायचं काम तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो त्यामुळेच. चौथा प्रकार फायबर. ते आपल्याला तोडताच येत नाही. त्यातला काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात.

बाकी एक ग्रॅम कर्बोदक म्हणजे चार कॅलरी, मग ती भाकरीतली असो की जिलेबीतली. फरक पडतो तो वेगात आणि सोबत काय येतं त्यात.

हा वेग मोजायची पट्टी म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८१ मध्ये मांडली. ग्लुकोज १००, ५५ पर्यंत कमी, ७० पासून जास्त. व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते हेच आकडे दाखवून टरबूज खाऊ नका म्हणतात. पण त्या चाचणीत पचण्याजोगी ५० ग्रॅम कर्बोदकं भरतील एवढा पदार्थ खायला देतात. टरबुजात शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅमच कर्बोदकं, म्हणजे ५० ग्रॅम व्हायला सहाशे ग्रॅमहून जास्त गर खावा लागेल. उन्हाळ्यात दोन फोडी खाणाऱ्यानं त्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. वेग आणि प्रमाण दोन्ही लागतं, आणि आपल्या ताटात घोळ होतो तो प्रमाणाचा.

३. भाकरी काट्यावर ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका रविवारी बायकोला म्हटलं, आज पीठ मोजून घे. तिनं कपाळाला हात लावला, पण घेतलं. परातीत पीठ, मध्ये आळं, त्यात उकळतं पाणी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून हे उकळतं पाणी लागतं. गरम पाण्यानं स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात, आणि भाकरी थापताना कडा फुटत नाहीत. पचायच्या दृष्टीनंही तीच पहिली पायरी: फुगलेल्या कणात पाचकरस सहज शिरतो, कच्च्या पिठात शिरत नाही. तिनं एक गोळा उचलला, मी तेवढंच कोरडं पीठ काट्यावर ठेवलं. ८५ ग्रॅम. मग पोळीचं पाहिलं: ३० ग्रॅम.

आता तक्ते काढा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं, गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२, पांढऱ्या तांदळात ७८. फायबर ज्वारीत १०, गव्हाच्या न चाळलेल्या पिठात ११, बाजरीत साडेअकरा, तांदळात जेमतेम तीन.

म्हणजे माझ्या घरच्या एका पोळीत १९ ग्रॅम कर्बोदकं आणि एका भाकरीत ५८. तीन पोळ्या खायचो तेव्हा पोटात ५८ ग्रॅम जात होती. ‘पथ्य’ म्हणून तीन भाकऱ्या खायला लागलो तेव्हा १७३. पथ्याच्या नावाखाली तिप्पट खात होतो!

ज्वारी वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही. तिच्या स्टार्चभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं, त्यामुळे ती जरा सावकाश सुटते. पण सावकाश सुटणारी १७३ ग्रॅमसुद्धा १७३ च.

मग कळण्याची भाकरी? माझी सगळ्यात लाडकी, म्हणून तिचाही हिशोब मांडला. आमच्याकडे चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद, थोडं मीठ घालून दळतात. तेवढ्याच ८५ ग्रॅमच्या भाकरीत कर्बोदकं ५८ वरून ५४ वर येतात, प्रथिनं साडेआठवरून साडेदहावर जातात, फायबरही दीड-दोन ग्रॅमनं वाढतं. फरक आहे, जादू नाही. खरा फायदा वेगळाच: ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, उडदात ते भरपूर असतं, त्यामुळे दोघांचं मिळून प्रथिन जास्त कामाचं होतं. आता मी तीनास एक दळून आणतो. उडीद याहून वाढवले की भाकरी चिवट होते आणि बायकोची बोलणी खावी लागतात.

गिरणीवर जाल तेव्हा दोन गोष्टी सांगा. जरा जाडसर दळा, आणि घरी आल्यावर पीठ मैद्याच्या चाळणीनं चाळू नका. कोंडा फेकला की फायबर फेकलं.

४. दोन तासांचा हिशोब

कागदावरचं गणित एवढंच. तुमचं शरीर काय म्हणतं ते मशीनवर बघा. पद्धत सोपी: जेवायच्या आधी एकदा, मग पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून नव्हे, यात बरेच जण चुकतात. वहीत तीन रकाने: काय खाल्लं आणि किती ग्रॅम, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. आठवड्यातून दोनच जेवणं मोजा. रोज बोटं टोचत बसलात तर पंधरा दिवसांत कंटाळाल.

माझ्या वहीतलं पान: तीन भाकरी आणि पिठलं, दोन तासांनी १९६. एक भाकरी, मटकीची उसळ, भरीत आणि काकडी, १३८. मधुमेह नसलेल्यात दोन तासांनंतरचा आकडा साधारण १४० च्या आत असतो. तुमचं लक्ष्य किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दोन सापळे सांगतो. घरच्या मशीनचा आकडा पंधरा टक्के इकडे-तिकडे असू शकतो, म्हणून १३८ आणि १४५ यांत काही फरक नाही. त्यावरून भाजीला दोष देऊ नका. दुसरा सापळा हातांचा. मे महिन्यात आंबे पिळून झाल्यावर मी तसाच उठलो, ओल्या फडक्याला बोटं पुसली आणि टोचलं. आकडा २७१. घाबरून हाक मारली, सगळे गोळा झाले. साबणानं हात धुऊन पुन्हा पाहिलं तर १५२. बोटाला लागलेला रस मशीन तुमच्याच रक्तातली साखर म्हणून मोजतं. केळीच्या वखारीत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

५. ताटात आधी काय उचलायचं

न्यूयॉर्कच्या वैल कॉर्नेल मेडिसिनमधल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग छापला. मधुमेही लोकांना तेच जेवण दोनदा दिलं, फक्त क्रम बदलून. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव-रस नंतर असं खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. मीही आता आधी कच्ची काकडी, मुळा किंवा मेथीची पानं, मग उसळ किंवा वरण, आणि भाकरी हातात घेतो ती पाच-सात मिनिटांनी. माय म्हणायची, ‘भाकर थंडी व्हई राह्यनी!’ होऊ दे.

संध्याकाळच्या खिचडीचं मात्र काही तरी करावंच लागतं. खान्देशात रात्री खिचडी, वरून कच्चं तेल आणि पापड, याला जेवण हलकं झालं म्हणतात. पण तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, हे प्रमाण हलकं नाही. आम्ही तांदूळ आणि डाळ निम्मेनिम्मे केले. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ती जवळच मिळत असताना डाळीची कंजूसी का करायची? डाळ वाढवल्यावर पहिले आठ दिवस पोटात गुडगुड होते. डाळीतल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, जिवाणू त्या आंबवतात. प्रमाण हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या.

शिजवून थंड केलेल्या भातात, भाकरीत थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होऊन बसतो आणि तो पचत नाही. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. शिळी भाकर ताकात कुस्करून खाणाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल. पण फायदा लहान आहे, आणि आपल्या वैशाखात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो. तो लगेच फ्रिजमध्ये जायला हवा.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर उचलतात. माझ्या वहीत या एका सवयीनं जेवढा फरक दाखवला, तेवढा कुठल्याच ‘डायबेटिक आट्या’नं दाखवला नाही.

६. केळीचं काय करायचं

चोपडा, यावल, रावेरमध्ये राहून केळी सोडा असं सांगणारा माणूस घराबाहेर काढला जाईल. त्याची गरजही नाही. सालीशिवाय शंभर ग्रॅम पिकल्या केळ्यात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडच्या जी-९ वाणाचं मोठं केळं सोलून १२० ग्रॅम भरतं, म्हणजे २७-२८ ग्रॅम, जवळपास अर्धी भाकरी. अर्धी भाकरी कमी करा, केळं खा. जेवणावर वरून नको.

पिकण्याचा मामला मात्र समजून घ्या. हिरव्या केळ्यात बहुतेक सगळा स्टार्चच असतो, त्यातला बराचसा कच्चा खाल्ला तर पचतही नाही. पिकताना त्या स्टार्चची साखर होते. सालीवर तपकिरी ठिपके पडले की ती जवळपास पुरी झालेली असते. म्हणून मी देठाकडे किंचित हिरवी झाक असलेलं केळं निवडतो. हिरव्या केळ्याची भाजी चांगली. वेफर्स हिरव्याच केळ्याचे असतात, पण ते तेल पितात, आणि तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी.

७. चहा, गूळ, पुडे

यात फार वेळ घालवायला नको. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, जमलं तर पाच टक्के. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. दुकानात चहा येतच राहतो, नाही म्हणणं जड जातं. मी दोन कप बिनसाखरेचे केले. पहिले पंधरा दिवस वाईट गेले.

गुळानं साखर वाढत नाही ही समजूत डोक्यातून काढा. गूळ म्हणजे बहुतांश तीच साखर, थोडी खनिजं आणि रंग. मधाचंही तेच.

पुड्यावर ‘मल्टिग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. पुडा उलटा करा. घटकांच्या यादीत पहिलं नाव जास्तीत जास्त वजनाच्या घटकाचं असतं. तिथे रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर तो मैदा. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेच्याच घरातली नावं.

८. उपवास

एकादशीला आणि श्रावणी सोमवारी साखर का वाढते, हे कोडं मला वहीनं सोडवलं. साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅमला ८५ हून जास्त कर्बोदकं, प्रथिनं नावाला. त्यात बटाटा, वर गोड ताक. उपवास सोडायचा नसेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, शेंगदाणे सढळ हातानं घाला. साबुदाण्याची खिचडी वाटीभरच घ्या, बशीभर नको. आणि गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

९. आखाजी

वर्षभर काटा वापराल, पण आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय तृतीयेला, कोण वापरणार? खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी (डाळीची आमटी), भात, कुरडई, भजी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाला झोका बांधलेला, आणि तुम्ही म्हणणार मी पथ्यावर आहे? मी तो मूर्खपणा पहिल्या वर्षी केला. कोपऱ्यात भाकरी घेऊन बसलो, सगळ्यांचा मूड घालवला, आणि रात्री फ्रिज उघडून गार आमरस उभ्यानं प्यायलो.

आता असं करतो. सकाळचा नाश्ता नेहमीसारखाच; उपाशी राहून पोट राखून ठेवलं की दुपारी दुप्पट जातं. ताटात भात आणि कुरडई घेतच नाही, कारण ती उरलेलं वर्ष मिळते. आधी काकडी आणि रशीतली डाळ. मग खापरावरची एक पोळी, तूप घालून, रस वाटीत घेऊन बुडवून. वाटी पुन्हा भरायची नाही. आणि जेवण झाल्यावर लवंडायचं नाही. बहिणींच्या पोरांना झोके देत अर्धा तास उभं राहायचं.

गेल्या आखाजीला मायनं दुसरी पोळी ताटावर धरली. मी हात आडवा केला तर म्हणाली, ‘तुले कोनी सांगं रे एवढं?’ मी वही दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि पोळी परत टोपलीत ठेवली. दोन तासांनी हात साबणानं धुऊन मोजलं, १७४. त्या दिवशीच्या मानानं चालून गेलं. उरलेल्या डबाभर पुरणाचं दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे मात्र आमच्या घरात अजून कोणालाही जमलेलं नाही.